सोबतीला गेलेली बाई

साहेबांनी आम्हा दोघींना केबिनमध्ये बोलावलं आणि बसायला खुर्च्या दिल्या. नागपूरजवळ हिंगण्याच्या त्या ट्रान्सफॉर्मरच्या कारखान्यात मी कित्येक वर्षं काम करत होते, पण केबिनमधली खुर्ची त्या दिवशी पहिल्यांदा मिळाली. एरवी तिथे जायचं ते उभ्याने बोलणी खायला. माझ्याबरोबर ताई होती. ती नात्याने माझी कोणी नाही. माझ्याआधी कामाला लागलेली, वयाने मोठी, मला हे काम शिकवणारी, म्हणून मी तिला ताई म्हणते. ती खुर्चीच्या कडेवर कशीबशी टेकली आणि माझ्या कानाशी पुटपुटली, "काहून वं, आज एवढा मान देऊन राहिले?"

कारण लगेच कळलं. कंपनीने हैदराबादच्या पलीकडे नवा कारखाना काढला होता. तिथे नव्याने घेतलेल्या बायकांना कॉइल वाइंडिंग शिकवायला दोघीजणी हव्या होत्या. दोन-अडीच महिन्यांचं काम, राहणं-जेवण कंपनीचं. "तुमच्यासारख्या स्किल्ड लेडीज आम्हाला दुसरीकडे कुठे मिळणार?" साहेब म्हणाले. बोलता बोलता त्यांनी चहाही मागवला.

मी चहा प्यायले, पण त्या 'स्किल्ड' शब्दाने माझं डोकं तापलं. माझ्या गळ्यातल्या गेटपासवर 'हेल्पर' असं छापलेलं होतं. पहिल्या दिवसापासून हेल्पर. आम्ही सगळ्या बायका ठेकेदाराच्या खात्यावर, सगळ्या हेल्पर. हेल्पर म्हणजे सामान उचलणारी, झाडू मारणारी, मिस्त्रीच्या हाताखाली पाना देणारी. आमच्या वाइंडिंग खात्यात मिस्त्रीच नव्हता. आम्हीच होतो.

हे काम ज्याने पाहिलं नसेल त्याच्यासाठी सांगते. ट्रान्सफॉर्मरच्या पोटात तांब्याच्या तारेच्या कॉइल असतात. तार दोऱ्याइतकी बारीक. मशीन साचा फिरवतं, तार आपण बोटांमधून सोडायची. वेढ्याला वेढा चिकटून बसला पाहिजे, एक थर झाला की कागद, मग पुढचा थर. हात सैल पडला तर वेढे घसरतात, जास्त ताणलं तर तार तुटते. कुठे एक वेढा दुसऱ्यावर चढला आणि तो तसाच राहिला, तर ट्रान्सफॉर्मर कारखान्यात पास होतो आणि बाहेर विजेच्या खांबावर लोड आला की जळतो. बोटं कापू नयेत म्हणून आम्ही त्यांना कापडाच्या पट्ट्या गुंडाळायचो. माझी नखं सरळ वाढायची थांबली ती अजून तशीच आहेत. खात्यातल्या नव्या बाईला ताई सहा-आठ महिने चांगल्या कॉइलला हात लावू देत नसे.

मी मूळची कुहीकडची. लग्नाआधी चिखलात उभी राहून धानाची रोवणी केली आहे. लग्न होऊन नागपूरला आले. नवरा लकडगंजात एका ठोक व्यापाऱ्याकडे माल मोजायला. त्या पगारात दोन पोरींचं शिक्षण होणार नव्हतं, म्हणून मी कंपनीच्या बसमध्ये चढले. घराबाहेरचं जग मी हिंगण्यात पाहिलं आणि तिथल्या कामावर माझा जीव जडला, हे मी लपवत नाही.

आम्ही दोघी गेलो. नवरा म्हणाला, "जाऊन ये, नाव होईन तुह्यं." त्याला खरंच तसं वाटलं होतं.

नवा कारखाना माळरानावर होता. भोवती काही नाही. शिकायला आलेल्या बायका बहुतेक ओडिशाच्या, काही झारखंडच्या. कारखान्यामागे पत्र्याचं छप्पर घातलेलं होस्टेल होतं, तिथे त्यांना ठेवलं होतं. आम्हालाही तिथेच खोली मिळाली. शिफ्ट सुटली की होस्टेलच्या फाटकाला कुलूप लागायचं. सुरक्षेसाठी, असं वॉर्डन म्हणायची. बाजारात जायचं तर रविवारी, गटाने, तेही वॉर्डनबरोबर. पंचवीस-तीस वर्षांच्या, लेकरं गावी आईकडे ठेवून आलेल्या बायका, आणि त्यांना शाळेतल्या पोरींसारखं मोजून आत घेत. मी पहिल्याच आठवड्यात सुपरवायझरला विचारलं, "ह्या काय कैदी आहेत?" हा सुपरवायझर नागपूरहून आमच्याबरोबरच आला होता, वर्धेकडचा माणूस. तो म्हणाला, "बाई, आपण शिकवायला आलो. आपल्याले काय करायचं?"

त्या बायकांमधली एक माझ्या मशीनवर होती. सडसडीत, कमी बोलणारी, पण बोटं हुशार. तिच्या गावी दोन लेकरं होती. मी हिंदीत समजावायची, ती मान हलवायची आणि मोबाइल एका डब्याला टेकवून माझ्या हातांचा व्हिडिओ काढायची. फोन खात्यात न्यायला तेव्हा मनाई नव्हती. खोलीवर गेल्यावर ती तो व्हिडिओ लावायची आणि सुतळी घेऊन पेल्यावर वेढे घालत बसायची. ताई तिला पाहून म्हणाली, "ही शिकन. हिले मी पंधरा दिवसांत चांगल्या कॉइलवर बसवतो." ताईच्या तोंडून हे ऐकायला आम्ही नागपुरात किती थांबलो होतो ते आठवून मला हसू आलं.

पुढचं सांगताना अजून अंगाचा तिळपापड होतो.

एके दुपारी जेवणाच्या सुट्टीत अंगणात मोठा ट्रक लागला. नागपूरच्या पासिंगचा, म्हणून मी सहज पाहायला गेले. क्रेनने ताडपत्रीखालून एक वाइंडिंग मशीन उचललं. ते हवेत फिरलं तेव्हा त्याच्या पुढच्या पत्र्यावर मला हळदीकुंकवाची बोटं दिसली. दसऱ्याला आम्ही मशिनींची पूजा करतो, त्याची. ती बोटं माझी होती. पत्र्याच्या कडेला माझ्या धाकटीने दिलेला फुलपाखराचा स्टिकर होता, अर्धा निघालेला. त्यामागून ताईचं मशीन उतरलं. मग आणखी. एकामागून एक आमचं सगळं खातं त्या ट्रकमधून उतरत गेलं.

ताई माझ्या मागे कधी येऊन उभी राहिली ते कळलं नाही. तिने पुढे होऊन आपल्या मशीनवर हात ठेवला आणि तो तसाच राहू दिला. क्रेनवाला ओरडला, तरी तिने हात काढला नाही.

मी सुपरवायझरला कँटीनमध्ये गाठलं. तो भात कालवत होता.

"नागपूरच्या मशिनी इकडे काहून आल्या?" मी विचारलं.

"शिफ्टिंग आहे बाई. मॅनेजमेंटचं आहे ते."

"तिकडच्या बायकांचं काय?"

"त्याइले ठेकेदार पाहीन ना दुसरीकडे."

"तुले माहीत होतं. आमाले इकडे आणलं तवाच माहीत होतं."

त्याने ताटावरून नजर वर केली नाही. "माझं काय चालते का तिथं? मले पण पोरंबाळं आहेत."

मी त्याचं ताट उचलून भिंतीवर मारलं. ते बरोबर होतं की नाही याचा मी नंतर कधी विचार केला नाही. मी रडत नव्हते. मला एवढंच कळत होतं की मी या माणसांना माझ्याच हातांनी माझं काम काढून दिलं, आणि त्यासाठी त्यांनी मला खुर्चीत बसवून चहा पाजला.

दुपारनंतर मी मशीनवर बसले पण शिकवलं नाही. टॅपिंग, म्हणजे कॉइलमधून मधेच तारेची टोकं बाहेर काढणं, हे या कामातलं सगळ्यांत नाजूक काम. तेच तेवढं शिकवायचं उरलं होतं. ओडिशाची ती माझ्या बाजूला बसून वाट पाहत राहिली. शेवटी हळूच म्हणाली, "दीदी, आप नहीं सिखाओगे तो ये लोग हमको भगा देंगे. दूसरी लड़की लायेंगे."

मला तिचाही राग आला. मी तिला म्हटलं, "तुम्हारी वजह से वहाँ सब की रोटी गयी." तिने हातातली तार खाली ठेवली. मग म्हणाली, "हमको तो बोला था, नया कारखाना है. किसी का है, ये कौन बोला?"

तिला खरंच कोणी सांगितलं नव्हतं. ताईने तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि आपल्या बोटांना पट्टी गुंडाळत म्हणाली, "हिच्यावर काहून राग काढून राहिली तू? सरक तिकडे." आणि तिने टॅपिंग शिकवायला घेतलं. संध्याकाळपर्यंत शिकवलं. मी शेजारी बसून होते. ती शिकवत असताना ओडिशाचीने फोन डब्याला टेकवलेला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही परत निघालो. महिनाअखेरीची तिकिटं काढली आहेत, त्याआधी जाता येणार नाही, असं सुपरवायझर म्हणाला. वॉर्डन फाटक उघडेना. ताई फाटकासमोर मांडी घालून बसली आणि म्हणाली, "पोलीसले बोलाव. मले त्याइलेच सांगायचं आहे." तेव्हा कुलूप निघालं. जनरल डब्यात दाराजवळ पिशव्यांवर बसून आम्ही नागपूर गाठलं.

हिंगण्याला गेटवर बायका जमलेल्याच होत्या. त्यांना सांगितलं होतं की मशिनी दुरुस्तीला चालल्या आहेत, चार दिवस सुट्टी घ्या. चार दिवसांनी त्या आल्या तर गेटपास चालेना. गेटवरचा म्हातारा चौकीदार आम्हाला कित्येक वर्षं ओळखत होता, आमच्या डब्यातली भाजी खाणारा माणूस. तो नजर चुकवत म्हणाला, "बाई, मले काहून बोलता? वरून आलं आहे." आमच्या चपला, डबे, स्वेटर आत कपाटात होते. ते बाहेर आणून देतो, असं तो म्हणाला. आम्ही नाही म्हटलं. आमचं सामान आम्हीच आत जाऊन घेऊ, आणि काम करायला जाऊ.

आम्ही गेटसमोर बसलो. उन्हाचे दिवस. कंपनीची बस आली ती आमच्यामुळे थांबली. बसमध्ये कायम नोकरीवाले पुरुष होते. त्यांची युनियन होती, ऑफिस होतं, झेंडा होता. ते खिडकीतून आमच्याकडे पाहत राहिले. त्यांच्या पुढाऱ्याने खाली उतरून आम्हाला समजावलं, "तुम्ही ठेकेदाराच्या आहात, आमच्या मेंबर नाही. आम्हाले मधात पडता येत नाही." मी विचारलं, "दसऱ्याच्या वर्गणीले येता तवा मेंबर पाहता का गा?" तो परत बसमध्ये चढला. दोन माणसं तेवढी खाली उतरून दुपारपर्यंत आमच्याजवळ बसली. त्यांचे उपकार मी मानते. बाकीच्यांबद्दल माझ्या मनात आजही चांगलं काही नाही.

कामगार कार्यालयात तक्रार गेली. तारखा पडू लागल्या. एका तारखेला कंपनीचा माणूस आला, पांढरा शर्ट, नम्र बोलणं. तो म्हणाला, "सर, या हेल्पर होत्या. मशीन चालवणं यांचं कामच नव्हतं."

मी उभी राहिले. "मग मले शिकवायले काहून पाठवलं?"

त्याने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. अधिकाऱ्याला म्हणाला, "ट्रेनिंग सुपरवायझरने दिलं सर. तिकडे लेडीज होत्या, म्हणून या दोघी सोबतीला गेल्या होत्या."

सोबतीला. जशी एखाद्या बाळंतिणीच्या सोबतीला गावाकडून कोणी जाते तशी. माझं सगळं आयुष्य त्या एका शब्दात त्याने केराच्या टोपलीत टाकलं, तेही आवाज न चढवता. अधिकाऱ्याने ते लिहून घेतलं. मी बोलत राहिले, तर तो म्हणाला, "बाई, पुरावा असेल तर द्या." घरी येऊन मी भाकरी थापत होते आणि पिठावर मुठी मारत होते. नवरा म्हणाला, "सोड आता. घरी बस. खूप झालं." मी त्याला म्हटलं, "तुह्यी तराजू कोणी उचलून नेली आणि म्हटलं की तू तिथं नुसता उभा राहत होता, तर बसशीन घरी?" तो जेवायचा थांबला. पुढच्या तारखेला तो कामाचा खाडा करून माझ्याबरोबर आला.

मी ओडिशाचीला फोन केला. मागायचं काय हे मला माहीत होतं आणि त्यात तिचं काय होऊ शकतं हेही. मी तेही तिला सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "दीदी, कौनसा वाला भेजूँ?" तिने सगळे पाठवले. माझे हात, ताईचे हात, माझा आवाज, मागे उभा राहून जांभई देणारा सुपरवायझर. ते पाहून अधिकारी खुर्चीत पुढे सरकला. कंपनीच्या नम्र माणसाने वेळ मागून घेतला.

व्हिडिओ कोणाच्या मशीनवर काढला आहे हे ओळखणं कठीण नव्हतं. तिला महिन्याच्या आत काढून टाकलं. तिचा फोन आला तेव्हा ती सामान घेऊन स्टेशनवर होती, गावच्या ओळखीने सुरतला निघाली होती. मला शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. तिने माझ्या पोरींची चौकशी केली.

त्यानंतर कंपनीने तडजोड आणली. काही रक्कम घ्या, आमची कोणतीही तक्रार नाही म्हणून सही करा. बहुतेक बायकांनी सही केली. कोणाच्या घरी आजारपण, कोणाच्या पोराची फी. ताईनेही केली. त्या दिवशी मी तिच्याशी भांडले. तिच्या दारात उभी राहून नको ते बोलले. ती ऐकत राहिली आणि शेवटी म्हणाली, "माह्या नवऱ्याले डायलिसिस आहे, तुले माहीत आहे. तू बोल. तुले बोलायचं आहे तेवढं बोल." मी घरी आले. मला राग ताईचा नव्हता. ज्या माणसांनी तिच्यासमोर तो कागद ठेवताना तिच्या घरातलं आजारपण विचारून घेतलं होतं, त्यांचा होता.

मी सही केली नाही. माझ्यासोबत आणखी तिघी आहेत. केस आता कोर्टात गेली आहे.

सध्या मी लकडगंजात एका मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात काम करते. विहिरीवरचे पंप, कूलरच्या मोटरी, जळलेली तार काढून नवी भरायची. मालक माणूस वाईट नाही, पण मला मागच्या खोलीत बसवतो. गिऱ्हाइकाला बाईने मोटर भरली हे पटत नाही, म्हणतो. मी महिनाभर ऐकलं. मग माझं स्टूल उचललं आणि पुढे दुकानाच्या तोंडाशी आणून बसले. तो म्हणाला, "बाई, धंद्याचं पाहा ना." मी म्हटलं, "पाहूनच राहिली." दोन-चार गिऱ्हाइकं गेली असतील. राहिली ती राहिली.

या दिवाळीआधी ओडिशाची सुरतहून गावी निघाली होती. तिची गाडी नागपूरवरून जाते. तिने डबा आणि सीट कळवली. मी ताईला सांगितलं, आणि ताई म्हणाली, "मी येतो." आम्ही पोळ्या, वांग्याची भाजी आणि तिच्या लेकरांसाठी संत्राबर्फी घेऊन प्लॅटफॉर्मवर उभ्या राहिलो. गाडी आली. ती दारातच होती, आधीपेक्षा वाळलेली. सुरतेत ती भरतकामाच्या मशीनवर आहे. दिवसभर उभं राहायचं, धागा तुटला की जोडायचा. आता तिथेही नवीन मशिनी येणार आहेत, अर्ध्या लोकांना काढणार, असं ऐकून आहे, म्हणाली. सांगताना तिचा आवाज सपाट होता. तो ऐकून मला त्या फलाटावर कोणाचा तरी गळा धरावासा वाटला, आणि धरायला समोर कोणी नव्हतं. चहावाले होते, हमाल होते, पोतडी घेऊन धावणारी माणसं होती.

ती म्हणाली, "दीदी, केस का क्या हुआ?"

"चालू है," मी म्हटलं. "वो लोग बोल रहे, वीडियो में हाथ है, मुँह नहीं है. किसका हाथ है क्या पता."

"हम बोलेंगे किसका है," ती म्हणाली. "बुलाओ तो हम आयेंगे. छुट्टी नहीं देगा तो भी आयेंगे."

गाडी हलली. तिने पिशवी छातीशी धरली आणि दारातून वाकून हात हलवला. ताई गाडीबरोबर थोडी चालली, मग थांबली. जिन्याकडे जाताना ती माझ्याकडे न पाहता म्हणाली, "सही केली म्हून काय झालं? साक्ष तर देता येते ना मले?"

"वकिलाले विचारतो," मी म्हटलं.

"विचारू नोको," ताई म्हणाली. "सांग त्याले, येऊन राहिली म्हणून."